खड्यांचं दार लावणारे उंदीर

सुप्याच्या बाजूने बारामती तालुक्यात शिरताना किंवा कडबनवाडीच्या अंगाने इंदापूरचा माळ तुडवताना मुरमाड उतारावरची एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते, कारण ती पायाशी असते आणि आपलं लक्ष लांडगा किंवा चिंकारा दिसतोय का याकडे असतं. ती गोष्ट म्हणजे बारीक खड्यांचा एक लहानसा ढीग. हा मुलूखच खड्यांचा. मग त्यात नवल ते काय? पण ओघळीने वाहून आणलेल्या खड्यांत लहान-मोठं सगळं मिसळलेलं असतं आणि ते सखल जागी जाऊन बसतं. हा ढीग उताराच्या मधोमध असतो आणि त्यातला एकेक खडा उंदराच्या तोंडात मावेल एवढाच असतो. ढिगामागे मातीत बीळ असतं. दिवसा तेही दिसत नाही, कारण मालक घरात असला की दार खड्यांनी लावलेलं असतं.

हा मालक म्हणजे काटेरी उंदीर. शास्त्रीय नाव मस प्लॅटिथ्रिक्स. आपल्या घरातल्या उंदराच्याच ‘मस’ या प्रजातीतला, पण वेगळ्या शाखेचा. काटे म्हणजे साळिंदरासारखे नव्हेत. अंगावरच्या लोकरीत चपटे, ताठ केस मिसळलेले असतात आणि उलटा हात फिरवला की ते खरखरीत लागतात. या उंदराची शास्त्राला ओळख झाली तीही दख्खनमधूनच. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करत गावोगाव फिरत होता. पिकं, पाऊस, लोकसंख्या यांच्या नोंदी घेता घेता त्याने प्राणी-पक्ष्यांचे नमुनेही गोळा केले. आज बारामती-इंदापूरच्या माळाची ओळख बनलेला भारतीय लांडगा शास्त्रीय नावानिशी त्यानेच १८३१ साली नोंदवला. पुढच्याच वर्षी, १८३२ साली, एडवर्ड टर्नर बेनेट याने दख्खनच्या काटेरी उंदराचं वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केलं. लांडगा आणि उंदीर असे दोघे एका पाठोपाठ एक कागदावर आले. पुढे लांडग्याचे फोटो निघाले, उंदराचं बीळ पायाखालीच राहिलं.

या बिळाचं सर्वात बारकाईने केलेलं जुनं वर्णन वॉल्टर एलियट याचं आहे. तो धारवाडला मुलकी अधिकारी होता. १८३९ साली त्याने ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणजे धारवाड-बेळगाव भागातल्या सस्तन प्राण्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात छापली. त्यात तो लिहितो की हा उंदीर तांबड्या मुरमाड जमिनीत, बहुधा एखाद्या उंचवट्याच्या कडेला, बेताच्या खोलीचं बीळ करतो. आत असला की तोंड खड्यांनी बंद करतो. बाहेर खड्यांचा साठा पडलेला असतो आणि त्यावरूनच घर ओळखू येतं. बीळ एका खोलीपर्यंत जातं, तिथेही खड्यांचा थर अंथरलेला असतो आणि उंदीर त्यावर बसतो. पोटावरच्या दाट केसांमुळे त्याला ते खडे टोचत नाहीत. हा निशाचर आहे आणि जोडीने राहतो, हेही एलियटने टिपलं. ही माहिती त्याला टेबलाशी बसून मिळालेली नाही. उंदरांच्या नावांत कानडीबरोबर तो वडारांची नावंही देतो. तळी खणणाऱ्या, दगड फोडणाऱ्या वडारांची उंदरांच्या बिळांशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती. कोणत्या मातीत कोणतं बीळ, ते किती खोल जातं, आत काय सापडतं हे त्यांना ठाऊक होतं.

आफ्रिकेतला भाऊबंद

खड्यांचा हा उद्योग करणारा ‘मस’ प्रजातीतला आणखी एक उंदीर सहाराच्या दक्षिणेला राहतो. तो आफ्रिकेतला पिटुकला उंदीर, मस मिन्युटॉइड्स. अँड्र्यू स्मिथ याने १८३४ साली त्याचं वर्णन केलं. वजन ३ ते १२ ग्रॅम; म्हणजे यातले कितीतरी उंदीर आपल्या दहा रुपयांच्या नाण्यापेक्षाही हलके भरतील. डोकं आणि धड मिळून लांबी ६ ते ८ सेंटिमीटर, शेपूट त्याहून आखूड. गवताळ प्रदेश, झुडपी रान, शेतांच्या कडा ही त्याची वस्ती. गवताचं बी आणि किडे हा आहार. बिळाच्या तोंडाशी तोही खडे रचतो. रात्री त्यांच्यावर दव जमतं आणि पहाटे तो ते चाटतो, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं.

ही कल्पना अजिबात अशक्यातली नाही. निरभ्र रात्री उघड्यावरचा दगड आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड पडतो. मग हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. मार्गशीर्ष-पौषात इंदापूरच्या शेतकऱ्याला दव म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हरभऱ्यात पहाटे शिरलं की आंबेने विजारीचे पाय ओले होतात. आता हिशेब करून पाहा. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा. दहा ग्रॅमच्या उंदराला तो त्याच्या वजनाच्या अर्धा टक्का झाला. साठ किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात ३०० मिलिलिटर, म्हणजे भरून पेलाभर पाणी लागेल. इतक्या लहान जिवाला चार ओल्या खड्यांचाही मोठा आधार होतो. तळं, ओढा, पाट यांची त्याला गरजच पडत नाही.

खड्यांचा उपयोग दवापुरताही नसावा. बंद दारामुळे बिळातली दमट हवा आत राहते आणि खड्यांच्या फटींतून श्वासापुरती हवा खेळते. बिळात शिरू पाहणाऱ्या सापालाही थोडी अडचण होतेच. मातीच्या बुजवणीपेक्षा खड्यांची बुजवण मुरमाच्या जमिनीत सोपी, कारण मुरूम कोरडा असला की भुसभुशीत राहतो, लिंपला जात नाही. जिथे जे साहित्य मुबलक, त्याचंच दार.

लहान असण्याची किंमत

आकार जितका लहान तितकं वजनाच्या मानाने अंगाचं पृष्ठफळ जास्त, आणि उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातूनच. म्हणून दहा ग्रॅमच्या सस्तन प्राण्याला अंग उबदार ठेवायला सतत इंधन घालावं लागतं. घरातल्या उंदराचं हृदय मिनिटाला ५०० ते ६०० ठोके देतं आणि तो रोज स्वतःच्या वजनाच्या सहाव्या-पाचव्या हिश्श्याइतकं धान्य खातो. एक रात्र उपाशी गेली तर मोठं संकट. चैत्र-वैशाखात प्रश्न उलटा होतो. जमीन पोळते, आणि घाम गाळून थंड होणं इतक्या लहान अंगाला परवडत नाही. पाणी मिनिटांत संपेल.

या दोन्हींवर उपाय एकच: बीळ. उन्हाची झळ जमिनीत शिरताना झपाट्याने मंदावते. हात-दीड हात खोलीवर दुपार आणि पहाट यांतला फरक जवळजवळ उरत नाही. वर चाळिशीचा पारा असताना खाली सावली असते, दमटपणा असतो. उंदीर दिवस तिथे काढतो आणि श्वासातून गेलेली वाफ बंद दारामुळे पुन्हा त्याच खोलीत राहते.

पाण्याचा दुसरा साठा पोटातच आहे. कोरडं धान्य शरीरात जळतं तेव्हा त्यातून पाणी तयार होतं. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून निम्म्या ग्रॅमपेक्षा थोडं जास्त, तर एक ग्रॅम चरबीपासून जवळजवळ एक ग्रॅम. मूत्रपिंडं लघवी फार घट्ट करतात, लेंड्या कोरड्या पडतात. त्यात थोडे किडे, थोडं हिरवं आणि दवाचे थेंब मिळाले की भागलं. वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात उंदरांचे इतके प्रकार तग धरून आहेत, ते या काटकसरीवर.

माती तशी वस्ती

बारामती-इंदापूरचा उंदीर असा एकच नाही. उंदीर ओळखायचा तर आधी जमीन ओळखावी. माळावरचा मुरूम काटेरी उंदराचा. तिथून खाली उतरून शेतात आलं की बांधावर दुसरा भेटतो, मस बूडुगा. जॉन एडवर्ड ग्रे याने १८३७ साली त्याचं वर्णन केलं. हा आपला खरा पिटुकला शेतउंदीर: वजन दहा ग्रॅमच्या आसपास, पाठ मातकट तपकिरी, पोट पांढरं, शेपटी वरून गडद आणि खालून फिकी. बांधाच्या मऊ मातीत हा बीळ करतो आणि उकरलेल्या मातीचा ढीग तोंडाशी टाकतो. आत घरटं, आणि पळायला दुसरी वाट असते. तिच्या तोंडावर मातीचा पातळ पापुद्रा शिल्लक ठेवलेला असतो. साप एका बाजूने शिरला की उंदीर दुसरीकडून पापुद्रा फोडून बाहेर. गर्भ साधारण तीन आठवड्यांचा, एका वेतात बहुधा पाच-सहा पिल्लं. कधी बरीच जास्त.

काळ्या रानात तिसरा: मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेल्टाडा. हा मोठा, अंगाने भरलेला आणि खणण्यात आळशी. उन्हाळ्यात काळी जमीन फुटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच त्याचं आयतं घर. नाहीतर शेतात वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग, किंवा दुसऱ्याने सोडलेलं बीळ. आयत्या घराचा धोकाही एलियटने नोंदवला आहे: पहिल्या पावसात काळी माती फुगून भेगा मिटतात आणि त्यात दरवर्षी हे उंदीर मोठ्या संख्येने गाडले जातात.

गवत आणि झुडपं दाट असतील तिथे गोलुंडा एलिओटी. एलियटच्याच नावाचा हा उंदीर गवतातून ये-जा करून लहानशा पायवाटा पाडतो. याच उंदराने एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेच्या कॉफीमळ्यांत कळ्या कुरतडून मळेवाल्यांना हैराण केलं होतं. मोकळ्या कोरड्या जमिनीत झुपकेदार शेपटीचा, मागच्या पायांवर उड्या मारणारा जर्बिल दिसतो. आणि पाटाखालच्या ओल्या, भारी जमिनीत, उसाच्या सरीत लहान घूस. ती या सगळ्यांची थोरली. बिळात धान्य साठवते आणि चारीच्या भरावाला आतून पोखरते.

यातला प्रत्येकजण एकेका मातीशी बांधलेला आहे. मुरमाची उतरण सपाट केली म्हणून काटेरी उंदीर घुशीसारखा राहायला लागत नाही. तो जातो आणि त्याच्या जागी घूस येते.

घुबडाच्या गोळीतला पुरावा

रात्री फिरणारे, मुठीत मावणारे हे प्राणी मोजायचे कसे? एक मार्ग घुबडाने सोपा केला आहे. गव्हाणी घुबड किंवा शृंगी घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत. काही तासांनी त्यांची घट्ट गोळी होऊन ती चोचीवाटे बाहेर पडते. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, विहिरीच्या कपारीत, वडाखाली अशा करड्या गोळ्या सापडतात.

गोळी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने हळूहळू सोडवायची. आधी केसांचा लगदा सुटतो. मग बरगड्यांची सुईसारखी हाडं, मग जबडे. पुढचे दात वाकडे, समोरून पिवळे. उंदराच्या या दातांवर पुढच्या बाजूला कठीण मुलामा असतो, मागे मऊ भाग असतो. म्हणून ते झिजताना पटाशीसारखी धार टिकते. नंतर वरच्या जबड्यातल्या तीन दाढा भिंगाखाली पाहायच्या. पहिली दाढ मागच्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा लांब असेल तर ‘मस’ प्रजातीतला उंदीर; तसं नसेल तर दुसरा कुणी. दात फार बारीक, टोकदार आणि सलग असतील तर ती चिचुंद्री. ती उंदीरच नव्हे, किडे खाणाऱ्या वेगळ्या गटातली. एका झाडाखालच्या पन्नासेक गोळ्या अशा सोडवल्या की भोवतालच्या शेतांत कोण किती राहतं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने २०१८ सालापासून घुबड महोत्सव भरवायला सुरुवात केली. घुबड अशुभ, ही समजूत मोडायची तर त्याचं खाणं दाखवण्याइतका चांगला उपाय नाही.

पिल्लांचं घड्याळ आणि माद्यांचा ‘वाय’

बांधावरच्या या पिटुकल्या उंदराने विज्ञानालाही मोठी मदत केली आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी सजीवांच्या शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचा अभ्यास करत होते. त्यांचा एक लाडका प्रायोगिक प्राणी म्हणजे मस बूडुगा. महागडी विदेशी उपकरणं नव्हेत, शेताच्या बांधावर मिळणारा उंदीर आणि तो पळवतो ते चाक, यांवर हे काम झालं. उंदीर अंधाऱ्या खोलीत ठेवला तरी रोज ठरावीक सुमाराला चाक फिरवायला लागतो. प्रकाश नसताना त्याचं आतलं घड्याळ स्वतःच्या चालीने चालतं, आणि प्रकाश मिळाला की दिवसाशी जुळवून घेतं.

मग प्रश्न आला की डोळेही न उघडलेल्या, बिळाच्या अंधारात पडलेल्या पिल्लांना बाहेर दिवस आहे की रात्र हे कळतं कसं? एन. विश्वनाथन आणि चंद्रशेखरन यांनी पिल्लांना कायम एकसारख्या स्थितीत ठेवून आईला बारा तास जवळ ठेवलं, बारा तास दूर नेलं. पिल्लांची घड्याळं आईच्या येण्या-जाण्याशी जुळली. आई जवळ असेल तो काळ त्यांच्या लेखी दिवस, ती गेली की रात्र. निशाचराच्या घरात हे बरोबरच आहे. आई रात्री दाणे शोधायला बाहेर पडते आणि दिवसा पिल्लांना कुशीत घेऊन झोपते. हा निष्कर्ष १९८५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला.

आफ्रिकेतल्या भाऊबंदाने वेगळाच धक्का दिला. सस्तन प्राण्यांत साधारण नियम असा की मादीत दोन ‘एक्स’ गुणसूत्रं आणि नरात एक ‘एक्स’, एक ‘वाय’. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या फ्रेडेरिक व्हेरून यांच्या गटाने २०१० साली दाखवून दिलं की मस मिन्युटॉइड्सच्या कित्येक माद्यांमध्ये ‘वाय’ गुणसूत्र असतं, तरी त्या माद्याच असतात आणि त्यांना पिल्लंही होतात. त्यांच्यात एक बदललेलं ‘एक्स’ असतं, आणि ते ‘वाय’चा नर घडवण्याचा हुकूम चालू देत नाही. काही ठिकाणी तर तीन-चतुर्थांश माद्या अशा निघाल्या. या माद्यांचा एक तोटा उघड आहे: आई आणि बाप दोघांकडूनही ‘वाय’ मिळालेला गर्भ जगत नाही, त्यामुळे काही पिल्लं जन्माआधीच जातात. तरीही अशा माद्या टिकल्या आणि वाढल्या. त्यांची पिल्लं देण्याची क्षमता इतर माद्यांपेक्षा चांगली असल्याचं आढळलं. त्या जास्त आक्रमकही असतात. लिंग ठरवण्याची सस्तन प्राण्यांची पद्धत पक्की आणि जुनी, या समजुतीला दहा ग्रॅमच्या प्राण्याने तडा दिला.

गुणसूत्रांचे असे खेळ आपल्या शेतातही आहेत. घरातला उंदीर आणि मस बूडुगा यांची गुणसूत्रं चाळीस, तर काटेरी उंदराची सव्वीस. मस बूडुगा आणि मस टेरिकलर हे दोन उंदीर भारतातल्या शेतांत शेजारी-शेजारी राहतात. हातात धरले तरी जाणकाराचीही गल्लत होते, इतके सारखे. पण त्यांचा आपसात संकर होत नाही. बाहेरून सारखं दिसणं आणि आतून एक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांची गुणसूत्रं पाहिल्यावर कळतं.

१८२६ सालचा कहर

उंदरांबद्दल प्रेमाने लिहिताना शेतकऱ्याचं नुकसान झाकता येत नाही. एलियटनेच १८२६ सालची हकीकत दिली आहे. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला नेहमीचा पाऊस झाला नाही आणि मऊ केसांचे शेतउंदीर बेसुमार वाढले. पेरलेलं बी त्यांनी लगेच उकरून खाल्लं. पीक तयार होत आलं तेव्हा ज्वारीच्या ताटांवर चढून कणसंच तोडली. शेतंच्या शेतं अशी फस्त झाली की कुळांना सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना लावून हजारोंनी उंदीर मारवले, इतक्या डझनांमागे एक माप धान्य असा दर देऊन. संख्येत फरक पडल्यासारखं दिसलं नाही, असं तो लिहितो.

या कहराचं कारण त्याच्याच आधीच्या वाक्यात दडलेलं आहे. दरवर्षी पहिला जोराचा पाऊस भेगा मिटवतो आणि उंदीर गाडतो. तो पाऊसच आला नाही, तर ती छाटणी झाली नाही. तीन आठवड्यांच्या गर्भाच्या हिशेबाने मग काही महिन्यांत काय होतं, ते शेतकऱ्याने पाहिलं. दुष्काळी वर्षानंतर उंदीर वाढतात ही जुनी म्हण नव्हे, जमिनीच्या भेगांचं गणित आहे.

आज मारण्याची साधनं बदलली. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळलं की विषारी वायू तयार होतो. पण उंदीर नव्या खाण्याची आधी चव घेऊन पाहतो, बेताने आजारी पडला की पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. म्हणून दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून सवय लावावी लागते. ब्रोमाडिओलोनचं काम सावकाश चालतं. रक्त गोठण्याची प्रक्रिया बंद पडते आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. त्या दिवसांत तो सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि घुबडाच्या, खोकडाच्या, कापशी घारीच्या तावडीत पहिला सापडतो. औषध त्याच्या यकृतात तसंच असतं. म्हणजे शेतात फुकट काम करणाऱ्या शिकाऱ्याला आपणच तो डोस देतो. जिवंत बिळं आधी ओळखून तेवढ्यांतच आमिष टाकणं, मेलेले उंदीर गोळा करून पुरणं, बांधावर पक्षिथांबे उभे करणं हे कष्टाचं आहे, पण शिकारी टिकवणारं आहे.

पाट आला, मुरूम गेला

१८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरचं चित्र पालटलं. १९३०च्या दशकात वालचंदनगरचा कारखाना, पुढे सहकारी साखर कारखाने, १९८० साली उजनी धरण. ज्वारी-बाजरीच्या जिरायतीत ऊस आला आणि माणसांच्या दोन-तीन पिढ्या सावरल्या. या बदलाची तक्रार कुणी करू नये. पण जमिनीखालच्या वस्तीतही अदलाबदल झाली, ती लक्षात घ्यायला हवी. काळी जमीन बारमाही ओली राहू लागली तिथे भेगा पडत नाहीत. भेगा नाहीत तर मऊ केसांच्या उंदराचं आयतं घर नाही. वर्षभर उभ्या उसाची सावली, खोडव्यातलं पाचट आणि चारीचा ओला भराव घुशीला मात्र मानवला. कोरडवाहू उंदरांची जागा ओलिताच्या, अंगाने मोठ्या आणि जास्त नासधूस करणाऱ्या उंदराने घेतली.

उरला तो माळ. कुसळी, पवना, मारवेल या गवतांचा, पायाखाली मुरूम असलेला. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरचं. बाकी माळ वनविभागाच्या, गायरानाच्या, खासगी मालकीच्या तुकड्यांत वाटलेला आहे. देशाच्या नकाशांवर असल्या जमिनीचा बराच भाग ‘पडीक’ या रंगात दाखवला जातो. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी भलं करायचं सुचतं: सलग चर खणा, गिरिपुष्प लावा, रस्त्याला मुरूम काढा. चराचं यंत्र उतारावरून एकदा फिरलं की त्या उतारावरच्या खड्यांच्या दारांचा मागमूस राहत नाही. झाडांच्या सावलीत गवत विरळ होतं, गवताचं बी कमी होतं, आणि त्या बियांवर जगणारे उंदीरही.

त्याचा फटका बसतो तो त्यांच्यावर पोट भरणाऱ्यांना. इथला लांडगा मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर जगतो, धनगरांच्या कळपांमागे फिरतो. पण खोकड उंदीर, किडे आणि बोरं यांवर गुजराण करतं. हिवाळ्यात परदेशातून येणारे भोवत्या पक्षी गवतावरून तरंगत टोळ आणि उंदीर टिपतात. पिंगळा, गव्हाणी घुबड, रानमांजर, मुंगूस, धामण, घोणस, फुरसं, सगळ्यांच्या ताटात हाच पदार्थ. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर वनविभाग आता गवताळ सफारी चालवतो. तिथे खोकड आणि भोवत्या दिसावेत असं वाटत असेल, तर मुरमाचे उतार न खणता ठेवणं हा त्या सफारीच्या देखभालीचाच भाग मानायला हवा.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. माळावर रोपं लावायचा ठराव होतो तेव्हा किती खड्डे, किती रोपं, किती जगली, हे सगळं कागदावर येतं. त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा: खड्डे खणण्याआधी तिथे काय राहत होतं. गावातल्या मेंढपाळाला आणि दोन शाळकरी पोरांना सोबत घेऊन एक सकाळ उतारावर फिरलं, खड्यांचे ढीग मोजले, की तो रकाना भरतो. ज्या उतारावर असे ढीग सापडतील, त्याला पडीक म्हणता येणार नाही. तिथे आधीच वस्ती आहे.